रिफ आणि साबी : युरोबीटमध्ये जपानी पॉप गाणे कसे बांधावे

नाव युरोपचे, कारागीर बहुतांशी इटलीचे आणि रसिक मात्र जवळजवळ सगळे जपानचे, अशी युरोबीट या संगीतप्रकाराची कुंडली आहे. इटालो डिस्को आणि हाय-एनर्जी या दोन प्रवाहांतून १९८०च्या दशकात हे सिंथेसायझरप्रधान नृत्यसंगीत घडले. युरोपातील त्याची लाट ओसरली तरी जपानमधील डिस्को त्याला सोडायला तयार नव्हते, आणि त्या मागणीवर मांतुआ शहरातील ए-बीट सी किंवा ब्रेशातील टाइम रेकॉर्ड्स यांसारख्या इटालियन कंपन्या वर्षानुवर्षे जपानसाठी गाणी तयार करत राहिल्या. १९८८ साली स्थापन झालेल्या एव्हेक्स कंपनीशी जोडली गेलेली ‘सुपर युरोबीट’ ही संकलनमाला १९९० मध्ये सुरू झाली आणि २०१८ साली तिचा २५०वा खंड निघाला. भारतातील बहुतेकांना हा प्रकार ‘इनिशियल डी’ या १९९८च्या अ‍ॅनिमे मालिकेतील मोटारींच्या शर्यतींमुळे ठाऊक असतो.

हा लेख संगणकावर गाणी तयार करणाऱ्यांसाठी आहे. मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर आणि मिडी कीबोर्ड वापरता येतो, कॉर्ड म्हणजे काय हे ठाऊक आहे, पण युरोबीट आणि जपानी पॉप यांचा सांधा नेमका कुठे जुळतो हे उमगत नाही, असा वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. अनेक हौशी प्रयत्नांत वेगवान ठेक्यावर जपानी शब्द बसवले की मिश्रण झाले असे गृहीत धरलेले दिसते. तसे ते होत नाही, कारण युरोबीटमध्ये गाण्याचा मुकुट सिंथेसायझरच्या रिफकडे, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीकडे असतो, तर जपानी पॉपमध्ये तो साबीकडे, म्हणजे ज्याला आपण ध्रुपद म्हणतो त्या भागाकडे असतो. या दोन मानकऱ्यांना एकाच गाण्यात कसे नांदवायचे, हाच खरा प्रश्न आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्याचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

पहिली पायरी : जोडीने ऐकणे

सुरुवात ऐकण्यापासून करावी, आणि ते सुटे नव्हे, तर जोडीने ऐकावे. जपानने यासाठी उत्तम सामग्री देऊन ठेवली आहे, कारण परदेशी नृत्यगीत घेऊन त्यावर जपानी शब्द लिहिण्याची प्रथा तिथे रुजलेली आहे. योको ओगिनोमे हिचे १९८५चे ‘डान्सिंग हीरो’ हे अँजी गोल्डच्या ‘ईट यू अप’चे जपानी रूप आहे. विंक या जोडीचे १९८८चे ‘आइ गा तोमारानाइ’ हे कायली मिनोगने गायलेल्या ‘टर्न इट इनटू लव्ह’वरून आले. नामिए आमुरोचे जानेवारी १९९५मधील ‘ट्राय मी’ हे लोलिता या नावाने निघालेल्या इटालियन युरोबीट गाण्याचे रूपांतर आहे, आणि डा पम्पने २०१८ साली गाजवलेले ‘यू.एस.ए.’ मुळात जो येलोच्या नावाने १९९२ मध्ये आले होते.

यांपैकी किमान दोन जोड्या घ्याव्यात, मूळ गाणे आणि रूपांतर लागोपाठ ऐकावे आणि कागदावर बार (चार ठोक्यांचे गट) मोजत नकाशा काढावा. रिफ कितव्या बारला येतो, शब्द सुरू होताच तो पूर्ण थांबतो की मागे सरकतो, इंग्रजी शब्दांपैकी कोणते जपानी रूपांतरात जसेच्या तसे राहिले, हे सर्व टिपावे. बहुतेक वेळा असे आढळते की ध्रुपदाच्या तोंडाशी किंवा शेवटी असलेला इंग्रजी हुक (चटकन मनात ठसणारा शब्दसमूह) तसाच राहतो आणि त्याच्या अवतीभवतीचा मजकूर संपूर्ण नव्याने लिहिलेला असतो. भाषांतर जवळजवळ नसतेच. हा धडा पुढे शब्दांच्या पायरीवर कामी येतो.

दुसरी पायरी : लय आणि आराखडा

सुरुवातीच्या, १९८०च्या दशकातील गाण्यांची गती बरीच संथ, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास असे. आज युरोबीट म्हटल्यावर जो वेग कानात येतो तो १५० ते १६० ठोक्यांचा आहे. या लेखातील सर्व उदाहरणांसाठी १५५ हा आकडा धरला आहे. या वेगाला एक ठोका ३८७ मिलिसेकंदांचा, चार ठोक्यांचा एक बार सुमारे १.५५ सेकंदांचा आणि सोळा बारचा एक खंड पंचवीस सेकंदांच्या किंचित आत बसतो. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण डिले (प्रतिध्वनी), कंप्रेसर (आवाजाचे चढउतार आवरणारे साधन) आणि शब्दांची घनता या तिन्ही ठिकाणी त्यांची गरज पडते.

जपानी पॉपमधील कारागीर गाण्याच्या भागांना ए-मेलो, बी-मेलो आणि साबी म्हणतात. ए-मेलो हा शांत, बोलल्यासारखा अंतरा, बी-मेलो ही साबीकडे नेणारी चढण, आणि साबी हा कळस. शेवटच्या साबीपूर्वी वाद्ये एकदम कमी करून गायलेल्या साबीला ओचि-साबी म्हणतात. युरोबीटमध्येही अंतरा, चढण आणि ध्रुपद हे तिन्ही भाग असतात, परंतु ध्रुपद संपताक्षणी रिफ परत येतो आणि नाचणाऱ्यांच्या दृष्टीने कळस तिथे असतो.

दोन्ही पद्धती सांभाळणारा एक आराखडा असा करता येतो. आरंभी आठ बार साबीची झलक द्यावी, कारण थेट साबीने गाणे उघडण्याची जपानी पॉपची सवय इथे फार शोभते. त्यानंतर सोळा बार रिफ, सोळा बार ए-मेलो, आठ बार बी-मेलो, सोळा बार साबी आणि पुन्हा आठ बार रिफ ठेवावा. दुसऱ्या फेरीत ए-मेलो आठ बारांवर आणावा, बी-मेलो आठ आणि साबी सोळा तशीच ठेवावी, मग सोळा बार रिफ किंवा सोलो, आठ बार ओचि-साबी, सोळा बार अखेरची साबी आणि आठ बार रिफने शेवट करावा. ही बेरीज १५२ बार होते आणि १५५च्या गतीला गाणे तीन मिनिटे पंचावन्न सेकंदांत संपते.

तिसरी पायरी : पट्टी आणि कॉर्ड

कॉर्डच्या बाबतीत दोन्ही परंपरा एकमेकींच्या जवळ आहेत, त्यामुळे इथे फार झगडावे लागत नाही. टीएम नेटवर्कमधून पुढे आलेला आणि नंतर टीआरएफसारख्या गटांचा निर्माता ठरलेला तेत्सुया कोमुरो याच्या नावाने ओळखली जाणारी ‘कोमुरो प्रोग्रेशन’ ही मांडणी ए मायनर, एफ, जी, सी अशी चालते. ‘ओदो’, म्हणजे राजमार्ग, या नावाने प्रसिद्ध असलेली दुसरी जपानी मांडणी एफ, जी, ई मायनर, ए मायनर अशी आहे. रिफसाठी पहिली अधिक उपयोगी पडते, कारण ती मायनरच्या मूळ कॉर्डवर पाय रोवून सुरू होते. साबीसाठी दुसरी घ्यावी, कारण तिच्यात मूळ स्वर शेवटपर्यंत हुलकावणी देतो आणि ती हुरहूर जपानी पॉपच्या गळ्यात शोभून दिसते.

खरी गंमत पट्टी बदलण्यात आहे. अंतरा एका पट्टीत आणि साबी दुसऱ्या पट्टीत ठेवण्याची युक्ती युरोबीटमध्ये सर्रास वापरली जाते. समजा, रिफ आणि ए-मेलो ए मायनरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी सहामध्ये आहेत आणि साबी सी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये न्यायची आहे. बी-मेलोचे शेवटचे दोन बार जी मेजर कॉर्डवर धरून ठेवावेत. ए मायनरमध्ये ही कॉर्ड घरचीच असते, आणि सी मायनरच्या दृष्टीने ती पंचमावरची, घरी परत बोलावणारी कॉर्ड असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला धक्का बसतो पण ठेच लागत नाही. साबीनंतरचा रिफ साबीच्याच पट्टीत ठेवावा आणि दुसऱ्या ए-मेलोपाशी, शक्यतो ड्रमच्या एका जोरदार फिलच्या (सांधा भरणाऱ्या तुकड्याच्या) आडून, मूळ पट्टीत परतावे. अखेरच्या साबीसाठी आणखी अर्धा स्वर वर, पांढरी एकवरून काळी एकवर जायचे असेल, तर ओचि-साबीच्या शेवटी जी शार्प मेजर कॉर्ड ठेवली की काम होते.

मात्र हे सगळे ठरवण्याआधी गायिकेचा किंवा गायकाचा गळा तपासावा. अखेरच्या साबीतील सर्वांत उंच स्वर आधी निश्चित करावा आणि तिथून उलटे मोजत ए-मेलोची पट्टी काढावी. उलट क्रमाने काम केले, तर ज्या कळसासाठी एवढा खटाटोप केला तिथेच आवाज चिरकतो.

चौथी पायरी : ठेका आणि बेस

ठेक्यात शोध लावण्याचे कारण नाही. प्रत्येक ठोक्यावर किक, दुसऱ्या आणि चौथ्यावर क्लॅप किंवा स्नेअर, दोन ठोक्यांच्या मधोमध उघडा हायहॅट आणि भागांच्या सांध्यांवर स्नेअर किंवा टॉमचे फिल, एवढा पाया पुरतो. रोलंड टीआर-९०९ या १९८३च्या ड्रम मशीनचे ध्वनी यासाठी आजही चालतात.

बेसकडे मात्र जास्त लक्ष द्यावे, कारण या संगीताचा पळ त्याच्यावर अवलंबून असतो. एका ठोक्याचे चार भाग केले, तर पहिला भाग किकला द्यावा आणि उरलेले तीन बेसने भरावेत. घोड्याच्या टापांसारखी ही चाल थेट पुढे ढकलत नेते. दुसरी रीत इटालो डिस्कोकडून आलेली आहे. तिच्यात बेस ठोक्यावर खालचा आणि मध्यावर वरच्या सप्तकातील तोच स्वर वाजवतो. माझ्या मते रिफमध्ये पहिली आणि ए-मेलोमध्ये दुसरी वापरली, की शब्दांना श्वास मिळतो आणि रिफ आल्यावर वेग न बदलताही तो वाढल्याचा भास होतो. १५५च्या गतीला ठोक्याचा चौथा भाग जेमतेम ९७ मिलिसेकंदांचा असतो, म्हणून बेसचा प्रत्येक स्वर ६० ते ७० मिलिसेकंदांत संपवावा आणि त्याचा रिलीज, म्हणजे स्वर सुटल्यावर विरायला लागणारा वेळ, जवळजवळ शून्य ठेवावा. स्वर एकमेकांवर सांडू लागले, की टापांची गुरगुर होते.

पाचवी पायरी : रिफ

इथे घाई करू नये. रिफ आधी रचावा आणि साबी नंतर, असा माझा आग्रह आहे, कारण गाता येणारी चाल सुचणे तुलनेने सोपे असते, तर बोटांना आणि हातांना नाचवणारी चाल दुर्मीळ असते.

रिफ साधारण आठ बारांचा रचावा. दोन बारांचा प्रश्न आणि दोन बारांचे उत्तर, मग तोच प्रश्न आणि वेगळे, अधिक उंच किंवा अधिक दाट उत्तर, अशी त्याची घडण ठेवावी. स्वर ठोक्यावर कमी आणि ठोक्याच्या किंचित अलीकडे जास्त पडावेत, म्हणजे किकच्या सरळ रेषेवर रिफ उड्या मारत जातो. प्रश्नाच्या शेवटी जलद स्वरांची एखादी छोटी तान टाकावी, परंतु प्रत्येक बारमध्ये नको. कसोटी सोपी आहे. सर्व वाद्ये बंद करून तो रिफ नुसत्या बोटांनी टेबलावर वाजवून पाहावा. स्वर नसतानाही तो ओळखू येत असेल तर रिफ पक्का आहे. लग्नाच्या वरातीत बेंजो पार्टी पाहिलेल्या कोणालाही ही कसोटी समजावून सांगावी लागत नाही.

ध्वनीसाठी तीन थर पुरेसे असतात. पहिला थर किंचित बेसूर केलेल्या अनेक सॉ (करवतीच्या दातांसारख्या) लहरींचा तेजस्वी लीड (मुख्य चाल वाजवणारा आवाज), दुसरा त्याच स्वरांवर वरच्या सप्तकात वाजणारा पातळ, टोकदार आवाज आणि तिसरा सिंथ ब्रासचा, जो संपूर्ण चाल न वाजवता फक्त ठसक्याच्या जागा वाजवतो. यामाहा डीएक्स-७चा ब्रास किंवा कॉर्ग एम-१चा पियानो यांच्या धर्तीचे ध्वनी मिसळल्यास त्या काळाचा रंग येतो. तिन्ही थरांचा अ‍ॅटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, शून्यावर ठेवावा. डिलेसाठी अर्ध्या ठोक्याचे १९४ किंवा पाऊण ठोक्याचे २९० मिलिसेकंद हे अंतर घ्यावे. लांबलचक रिव्हर्बचा (घुमण्याचा) मोह टाळावा, कारण या वेगाला तो रिफचे दात बोथट करतो.

रिफ आणि साबी यांची चाल एकच नसावी, पण त्यांच्यात नाते हवे. एक उपाय असा, की रिफच्या उत्तरातील शेवटचे चार-पाच स्वर साबीच्या शेवटच्या ओळीत, निम्म्या वेगाने, शब्दांसह आणावेत. साबी संपून रिफ उसळतो तेव्हा हे वळण आधी ऐकले आहे असे वाटते, आणि ते कुठे ऐकले याचा पत्ता लागत नाही.

सहावी पायरी : चाल आणि जपानी शब्द

जपानी गीतलेखनात मराठी माणसाला एक जन्मजात सोय आहे. जपानी भाषा ज्या घटकावर मोजली जाते तो आपल्या मात्रेचा जवळचा भाऊ आहे. ‘तोक्यो’ या शहरनामात दोन्ही ओकार दीर्घ आहेत, म्हणून जपानी माणूस त्यात चार घटक मोजतो, आणि आपल्या छंदशास्त्राप्रमाणे दोन गुरू अक्षरांच्या मात्राही चारच होतात. ‘निप्पोन’मध्ये ‘नि’, थांबलेला ‘प्’, ‘पो’ आणि ‘न्’ असे चार घटक आहेत. फरक एवढाच, की जपानी चालीत यांपैकी प्रत्येकाला, अगदी ‘न्’लाही, स्वतंत्र स्वर देता येतो. म्हणून इंग्रजी ‘डान्स’ हा शब्द जपानी उच्चारात ‘दा-न्-सु’ असा तीन स्वरांचा होतो आणि ‘लव्ह’ हा ‘रा-बु’ असा दोन स्वरांचा.

आता पहिल्या पानावरचे आकडे उघडावेत. १५५च्या गतीला ठोक्याचे चार भाग करून प्रत्येकावर एक अक्षर ठेवले, तर सेकंदाला दहाहून अधिक घटक गावे लागतात, आणि साधारण जपानी बोलण्याचा वेग सेकंदाला सात-आठ घटकांचा असतो. ठोक्याला दोन घटक ठेवले तर हा आकडा पाचाच्या किंचित वर राहतो, जो गाताही येतो आणि कळतोही. त्यामुळे ए-मेलो या मापाने लिहावा, बी-मेलोमध्ये काही ठिकाणी दाटी करावी आणि साबीत मात्र ठोक्या-दोन ठोक्यांचे लांब स्वर मोकळेपणाने वापरावेत.

शब्दांचा चढउतारही पाहावा. टोकियोच्या बोलीत ‘हाशि’ हा शब्द आधी उंच आणि मग खाली उच्चारला तर खायच्या काड्या, आणि आधी खाली मग उंच उच्चारला तर पूल. पॉप गाण्यांत हा नियम सर्रास मोडला जातो, परंतु साबीच्या पहिल्या शब्दाशी तरी चालीने भांडू नये. जपानी येत नसेल तर यंत्राकडून भाषांतर करून घेऊन ते गाण्यात घालू नये. भाव, अक्षरसंख्या आणि राखून ठेवायचे इंग्रजी हुक यांचा तक्ता करून तो जपानी जाणणाऱ्या व्यक्तीला द्यावा आणि नवे शब्द लिहून घ्यावेत. दुसऱ्याच्या गाण्यावर नवे शब्द लिहून ते प्रकाशित करायचे असेल, तर मूळ हक्कधारकांची परवानगी आधी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

गायिका मिळेपर्यंत कच्चा मुखडा हात्सुने मिकूसारख्या कृत्रिम आवाजावर तपासता येतो. साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने हा आवाज २००७ मध्ये बाजारात आणला. एका स्वराला एक काना (जपानी उच्चारलिपीतील) अक्षर द्यावे, आणि वाक्यात विषय दाखवणारे जे ‘हा’ अक्षर उच्चारात ‘वा’ होते, ते ‘वा’ म्हणूनच भरावे. नाहीतर यंत्र भोळेपणाने ‘हा’ गाते आणि ऐकणाऱ्या जपानी माणसाला हसू येते.

सातवी पायरी : दोन मानकऱ्यांची जागा

मिश्रणाच्या टप्प्यावर बहुतेकांची अडचण एकच असते. रिफ आणि गळा दोघेही दोन ते पाच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चमकतात, दोघेही एकाच वेळी वाजतात, आणि मग ईक्यूच्या (कंपनांचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाच्या) कात्रीने दोघांचीही नाके कापली जातात. हा प्रश्न मिक्सिंगचा नाही, मांडणीचा आहे. गाणारा गात असताना रिफ पूर्ण बंद ठेवावा. त्याऐवजी साबीच्या मागे लांब पॅड (मऊ, धरून ठेवलेले सूर), गळ्याच्या खालच्या सप्तकात चालणारी एखादी उपचाल आणि ओळींच्या मधल्या मोकळ्या जागांत ब्रासचे दोन-तीन ठसके एवढेच ठेवावे. रिफला त्याचे आठ किंवा सोळा बार निर्वेध मिळतात आणि तिथे गळ्याने फक्त एखादी आरोळी द्यावी.

साबीचा मुख्य आवाज दोनदा ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर ठेवावा आणि वर तिसऱ्या स्वरावरची साथ जोडावी, पण ए-मेलोमध्ये एकच आवाज ठेवावा. बेस आणि पॅड यांना किकच्या साइडचेनवर (किक वाजताच त्यांचा आवाज दाबणाऱ्या जोडणीवर) लावताना कंप्रेसरचा रिलीज १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवावा, म्हणजे पुढचा ठोका येण्याआधी आवाज पूर्ववत होतो. शेवटी लिमिटर (आवाजाला वरची मर्यादा घालणारे साधन) दाबून सर्व काही सपाट करण्याचा मोह होतो. तसे केले तर ओचि-साबीची शांतता आणि त्यानंतरची उसळी यांतला फरकच उरत नाही.

आठवी पायरी : हातांनी तपासणे

जपानमध्ये युरोबीटवर पारापारा हे नृत्य केले जाते. त्यात पाय ठेक्यावर डावीकडे-उजवीकडे टाकत राहतात आणि सगळी कविता हातांच्या ठरलेल्या हालचालींत असते. प्रत्येक गाण्याच्या हालचाली वेगळ्या असतात आणि सगळा जमाव त्या एकसाथ करतो. म्हणून गाणे पुरे झाल्यावर उभे राहावे, पाय चालू ठेवावेत आणि रिफच्या प्रश्नाला एक व उत्तराला दुसरी अशा हाताच्या दोनच हालचाली ठरवून संपूर्ण गाणे नाचून पाहावे. जिथे हात काय करावे हे न सुचून लोंबकळत राहतात, ते बार वहीत लिहावेत आणि रिफ किंवा उपचाल तिथेच दुरुस्त करावी. हा प्रयोग दार लावून केला तरी चालतो.

त्यानंतर दोन आवृत्त्या काढाव्यात. एक वर सांगितलेली चार मिनिटांच्या आतली, आणि दुसरी नाचासाठीची लांब आवृत्ती, जिच्यात साबीची झलक काढून टाकून आरंभी सोळा बार नुसता ठेका, मधला रिफ दुप्पट आणि शेवटी पुन्हा सोळा बार ठेका असतो, म्हणजे डीजेला पुढचे गाणे जोडण्यासाठी दोन्ही टोकांना जवळजवळ पंचवीस सेकंद मिळतात.